१ मे आणि पंढरीचे महाद्वार

वारकऱ्यास दिवस विचारावा, तर तो तिथी सांगतो. तुकोबारायांचे वैकुंठगमन फाल्गुन वद्य द्वितीयेस, माउलींची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीस, नामदेवरायांची आषाढ वद्य त्रयोदशीस. या तिथी त्याच्या बोटांवर असतात. तारीख विचारली की मात्र तो भिंतीकडे पाहतो. उलट मुलांची शाळा, सोसायटीचे कर्ज, कोर्टाची पेशी, हे सारे तारखेने चालते. एकाच घरात अशा दोन कालगणना नांदतात आणि दोघींचे भांडण म्हणून होत नाही.

या पाठात आम्ही एक तारीख विचारास घेतली आहे. ती १ मे. ही तारीख सरकारी, सुट्टीची, झेंडावंदनाची, असे आपण धरून चालतो. टाळ-वीणा घेणाऱ्याचा तिच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो थेट पंढरीच्या महाद्वाराशी आहे. कसा, ते क्रमाने पाहू.

एका दिवशी अनेक घटना

प्रथम हे पाहिले पाहिजे की, एकाच दिवसावर निरनिराळ्या वर्षांच्या घटना येतात त्या कशा? आपल्या संप्रदायात याचे ठळक उदाहरण पैठणची नाथषष्ठी. फाल्गुन वद्य षष्ठीस पाच घटना झाल्या असे परंपरा सांगते: जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना दत्तात्रेयांचा अनुग्रह, नाथांची आणि त्यांची भेट, जनार्दनस्वामींची समाधी, आणि शेवटी शके १५२१ मध्ये स्वतः नाथांनी गोदावरीत घेतलेली समाधी. म्हणून तिला पंचपर्वा षष्ठी म्हणतात. नाथांनी देह ठेवण्यास गुरूंचा दिवस निवडला, अशी आपली श्रद्धा आहे. तेथे दिवस जुळला तो गुरुभक्तीमुळे जुळला.

सगळीकडे मात्र असे नसते. आमच्या पाठशाळेत न्याय शिकविताना काकतालीय न्याय सांगत. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी ताडाचे फळ गळून पडले. बसण्याने पडले असे नव्हे, दोन्ही गोष्टी एका वेळेस आल्या इतकेच. मराठीत आपण म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. वर्षाचे दिवस ३६५ आणि जगात घडणाऱ्या गोष्टी अगणित; तेव्हा एकेका तारखेवर शेकडो गोष्टी येऊन बसणारच. त्यात चमत्कार पाहू नये.

तिसरा प्रकार योजून जुळविलेल्या दिवसाचा. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेण्यात आली. ती स्मृती राहावी म्हणून तयार झालेले संविधान २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आणले. येथे दिवस माणसांनी समजून-उमजून निवडला.

तेव्हा दिवस जुळतो तो तीन रीतींनी: श्रद्धेने, योगायोगाने, किंवा योजनेने. १ मे या तारखेत यांतले शेवटचे दोन प्रकार भेटतात. पहिल्याचाही एक धागा लागतो, तो पुढे सांगू.

तिथी आणि तारीख

आता थोडे गणित, कारण त्यावाचून पुढचे उमगणार नाही. तारीख सूर्याच्या गतीने चालते, तिथी चंद्राच्या. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत पुरे होतात. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल ११ दिवसांचे अंतर पडते, म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालून ते भरून काढतात. याच कारणाने एकच तारीख दरवर्षी निराळ्या तिथीवर येते. तिथी-तारखेची गाठ पुन्हा जवळपास तशीच पडते ती १९ वर्षांनी.

शकाचा सन करावयाचा तर चैत्रापासून साधारण पौषापर्यंत ७८ मिळवावे आणि जानेवारी उलटल्यावर ७९ मिळवावे. नामदेवरायांचा जन्म शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशी; ७८ मिळवून १२७० येतात. नाथांची समाधी शके १५२१ ची, पण महिना फाल्गुन. तेथे ७९ मिळवावे लागतात आणि सन १६०० चा आरंभ येतो. पुष्कळ पुस्तकांत १५९९ छापलेले असते ते सरसकट ७८ मिळविल्यामुळे. कीर्तनकार मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे. आख्यानात सन सांगताना उपयोगी पडते.

१ मे या तारखेच्या घटना

प्रथम दूरदेशीची. १ मे १८८६ रोजी अमेरिकेतील लाखो कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम बंद ठेवले. शिकागो हे त्या चळवळीचे मुख्य ठाणे. ४ मे रोजी तेथील हेमार्केट चौकातील सभेत बाँब पडला, गोळीबार झाला, पोलीस आणि कामगार दोन्हीकडची माणसे गेली. पुढच्या वर्षी चार कामगार पुढाऱ्यांना फाशी झाली. १८८९ साली पॅरिसच्या परिषदेने ही तारीख कामगारांची म्हणून ठरविली आणि १८९० पासून ती देशोदेशी पाळली जाऊ लागली. आपल्या देशात १ मे १९२३ रोजी मद्रासेस सिंगारवेलू चेट्टियार यांनी प्रथम हा दिवस साजरा केला.

दुसरी घटना कलकत्त्याची. १ मे १८९७ रोजी बलराम बसू यांच्या घरी स्वामी विवेकानंदांनी गुरुबंधू आणि गृहस्थ भक्त यांना एकत्र बसवून रामकृष्ण मिशनची स्थापना केली. मोक्षाबरोबर लोकसेवा हे त्या संस्थेचे ब्रीद.

तिसरी घटना पंढरपूरची. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण आरंभिले.

चौथी, १ मे १९६०. त्या दिवशी महाराष्ट्र राज्य झाले. त्याच दिवशी गुजरातही झाले, हे आपण विसरतो. मुंबईस पंडित नेहरूंच्या हस्ते राज्याचे उद्घाटन झाले आणि यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. गुजरातचे उद्घाटन साबरमती आश्रमात रविशंकर महाराजांच्या हस्ते झाले. मराठी राज्यासाठी मुंबईत आणि अन्यत्र शंभरावर माणसे गोळ्यांना बळी पडली होती. राज्य आले तेव्हा त्यात २६ जिल्हे होते. बेळगाव, कारवार, बिदर, भालकी बाहेर राहिले.

आणि पाचवी आमच्या घरची. १ मे १९९९ रोजी परभणीतून निघून हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाला. त्याच दिवशी भंडाऱ्यातून गोंदिया निघाला. त्याआधी १ मे १९८१ रोजी जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे झाले होते. ही तारीख सरकारने महाराष्ट्र दिन पाहूनच घेतली, हे उघड आहे. हा झाला योजून जुळविलेला दिवस. शिकागो आणि कलकत्ता, कलकत्ता आणि पंढरपूर यांची गाठ मात्र कावळ्याची आणि ताडाची.

तथापि गाठ योगायोगाची असली तरी ती सोडून द्यावी असे नाही. गंगेच्या वाळवंटात दोन अनोळखी वारकरी योगायोगानेच शेजारी बसतात; बसल्यावर एकमेकांचे सुखदुःख तर विचारतात ना? तसे या घटनांना एकमेकींशेजारी बसवून विचारावे.

महाद्वाराची हकीकत

यांतली पंढरपूरची घटना आपल्याला जवळची, म्हणून ती विस्ताराने सांगतो.

चोखोबाराय मंगळवेढ्याचे. गावकुसाच्या कामावर असता भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही तिच्याखाली गेले. ही शके १२६० म्हणजे सन १३३८ ची गोष्ट. तिथी वैशाख वद्य पंचमी. नामदेवराय मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यात अस्थी कोणाच्या हे कसे ओळखावे? ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी कथा आहे. त्या अस्थी नामदेवरायांनी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. नामदेवरायांना तेव्हा ६८ वे वर्ष चालू होते. पुढे शके १२७२ मध्ये त्यांनी स्वतःसाठी जागा मागितली ती त्याच दाराची पायरी.

हे नामदेवराय आमच्या नर्सीचे. कयाधूच्या काठचे हे गाव, हिंगोली तालुक्यातले. औंढ्यास नागनाथाच्या ठिकाणी विसोबा खेचरांनी त्यांना गुरुबोध केला. त्याच औंढ्यास देवळापुढे कीर्तन करू दिले नाही म्हणून नामदेवराय मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा आमच्या भागात लहान मूलही सांगते. मग पाहा, औंढ्यास देऊळ फिरले, आणि पंढरीस चोखोबा दारापर्यंत आले. आत मात्र गेले नाहीत. आणि त्यांच्या मागून आलेल्या त्यांच्या भावंडांना, सहाशे वर्षे, त्या समाधीपर्यंतच येता आले. तेथून कळसाला हात जोडायचे आणि परत फिरायचे. चंद्रभागेच्या वाळवंटात सगळे एकमेकांच्या पाया पडत. वाळवंट संपून देऊळ आले की पाया पडणे थांबे. हे आपल्या संप्रदायाच्या इतिहासातले शल्य आहे. ते झाकण्यात अर्थ नाही.

विसाव्या शतकात हे दार अनेकांनी ठोठावले. नाशिकास काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला आणि दार उघडले नाही. दक्षिणेत त्रावणकोरच्या महाराजांनी १२ नोव्हेंबर १९३६ रोजी जाहीरनामा काढून संस्थानची देवळे खुली केली. पंढरपुरात गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधून निदान अंग टेकायला जागा केली.

साने गुरुजींच्या मनात प्रथम १९४६ ची कार्तिकी एकादशी होती. ध्यानात घ्या, ही नामदेवरायांची जन्मतिथी. सहकाऱ्यांनी त्यांना थोपविले. म्हणाले, सहा महिने थांबा, आधी लोकांना विचारू. मग गुरुजी गावोगाव फिरले. सेवादलाच्या मुलामुलींचे कलापथक बरोबर असे. अनेक गावांनी आपली देवळे आणि विहिरी त्या दौऱ्यात खुल्या केल्या. पंढरीचे दार मात्र हलले नाही, आणि १ मे उजाडला.

उपोषणाला पंढरपुरात जागा मिळणेही कठीण होते. ती तनपुरे महाराजांनी आपल्या मठात दिली. हे नाव वारकऱ्याने कृतज्ञतेने घ्यावे. कारण त्या वेळी संप्रदायातील पुष्कळ थोर मंडळी विरुद्ध होती आणि मठ देणे म्हणजे स्वतःच्याच पंगतीतून उठण्याची तयारी ठेवणे होते. गांधीजींनाही हे उपोषण रुचले नव्हते; त्यांनी ते सोडण्यास कळविले. तरी गुरुजी मागे हटले नाहीत. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली, मंदिराच्या कारभाऱ्यांनी दार खुले करण्यास संमती दिली, आणि सुमारे दहा दिवसांनी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर-प्रवेशाचा कायदा झाला. १९५० साली संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यताच रद्द केली. पुढे १९७३ साली पंढरपूरच्या मंदिरांसाठी कायदा झाला आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपले.

आता वर राखून ठेवलेला धागा. १९४७ चे पंचांग उलगडून पाहिले तर १ मे वैशाखाच्या शुद्ध पक्षात येतो. ५ मे रोजी वैशाखी पौर्णिमा, म्हणजे बुद्धपौर्णिमा. आणि वैशाख वद्य पंचमी येते १० मे रोजी, उपोषणाच्या अगदी अखेरीस. चोखोबांची पुण्यतिथी! भिंतीखाली गेलेल्या भक्ताच्या नावाचा दिवस त्या मठातल्या अखेरच्या दिवसांत उजाडला. हे कोणी योजले होते असे आम्ही म्हणत नाही. तर्काने पाहणारा याला काकतालीय म्हणेल, आणि तर्काच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. वारकरी मात्र या ठिकाणी क्षणभर डोळे मिटून उभा राहील, आणि त्यालाही कोणी हसू नये.

शास्त्राचा आक्षेप

त्या काळी आक्षेप असा होता की, ही वहिवाट शास्त्राची आहे, ती मोडू नये. आम्ही पाठशाळेत चार अक्षरे शिकलो, त्या अधिकाराने एवढेच म्हणतो की, शास्त्र आणि वहिवाट या दोन वस्तू आहेत. रूढी शास्त्राहून बळकट असते, असे शास्त्री लोक स्वतःच म्हणतात. याचा अर्थ रूढी शास्त्राबाहेरची असू शकते, हे त्यांनाही मान्य आहे. आणि भक्तीच्या प्रांतात तर नामाला अधिकारी कोण, याचे उत्तर आपल्या संतांनी कधीच देऊन ठेवले आहे: ज्याच्या मुखी येईल तो. मुखाला नामाचा अधिकार आहे आणि त्याच माणसाच्या पायाला उंबरठ्याचा नाही, हे कोणत्या प्रमाणाने सिद्ध करणार? प्रत्यक्ष नाही, अनुमान नाही, संतवचन तर मुळीच नाही. उरली ती केवळ सवय.

उपोषण म्हणजे देवाला वेठीस धरणे, असाही एक आक्षेप होता. तो निरर्थक आहे असे नव्हे. पण गुरुजींनी देवापाशी काही मागितले नव्हते. देव आत उभाच होता. किल्ली माणसांच्या कनवटीला होती. मागणे माणसांकडे होते.

आमच्या मुलखाची गोष्ट

आता हिंगोलीकडे येऊ. १९४७ च्या मे महिन्यात आमचा मुलूख निजामाचा. पंढरपूर मुंबई प्रांतात. नर्सीचा वारकरी पंढरीस निघाला की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाई. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही झालो नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. मुंबई प्रांताचा मंदिर-प्रवेशाचा कायदाही निजामाच्या मुलखात लागू नव्हता. म्हणजे पंढरीचे दार उघडले, आणि ज्या गावाने नामदेव दिला त्या गावावर तो कायदा चालत नव्हता, असा तो काळ.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि नर्सी व पंढरपूर एका राज्यात बसले. १ मे १९६० पासून ते राज्य मराठी झाले. सातबारा, फिर्याद, निकाल आपल्या भाषेत मागण्याचा हक्क आला. ज्यांचे आजे-पणजे निजामशाहीत उर्दू कागदावर अंगठा उठवीत, त्यांना या गोष्टीची किंमत सांगायला नको.

त्यानंतरही एक अडचण होतीच. कलेक्टराची कचेरी परभणीस. सेनगावकडच्या माणसाला एका सहीसाठी आख्खा दिवस, कधी मुक्काम. १ मे १९९९ रोजी ती कचेरी हिंगोलीस आली. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे आज जिल्ह्याचे पाच तालुके आहेत. २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या पावणेबारा लाखांहून थोडी अधिक भरली. १९४७ चे दार देवाचे, १९६० चे भाषेचे, १९९९ चे कचेरीचे. तिन्ही दारे सामान्य माणसाचीच होती. तिन्हीकडे त्याला बाहेर थांबविले होते. आणि शिकागोचा मजूर काय मागत होता? दिवसाचे आठ तास काम करू, बाकीचा वेळ आम्हाला माणूस म्हणून द्या. चोखोबाही मजुरीवरच गेले. म्हणून १ मे ला कामगारांचा दिवस म्हणताना वारकऱ्याने मंगळवेढ्याची भिंत आठवली तर ते अस्थानी होणार नाही.

संकल्प आणि करिष्ये

येथवर ऐकून कोणी म्हणेल, बुवा, माहिती चांगली झाली, पण करावयाचे काय? हाच या पाठाचा मुख्य मुद्दा.

पूजेच्या आरंभी आपण संकल्प सोडतो. त्यात संवत्सर येते, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, सारे ओळीने येते. स्थळही येते, नदीचा तीर येतो. गुरुजी म्हणतात आणि यजमान हातावर पाणी घेऊन बसलेला असतो. पण एवढ्यावर संकल्प पुरा होतो का? होत नाही. शेवटी एक क्रियापद येते: करिष्ये. मी हे करीन. त्या शब्दावर पाणी सुटते. तिथीचा सारा पसारा त्या एका शब्दासाठी मांडलेला असतो. करिष्ये न म्हणता जो उठला त्याने पंचांग वाचले, संकल्प केला नाही.

आपण दिनविशेष वाचतो, अमुक साली आजच्या दिवशी अमुक झाले म्हणतो, मान डोलावतो आणि पान उलटतो. हे पंचांगवाचन झाले. त्यावर पाणी सोडायचे राहिले.

एक प्रसंग सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण ते कोणतेही गाव असू शकते. सप्ताहात काल्याची पंगत बसली होती. मांडव एक, पत्रावळी एक, वाढपी एक. कोणी कोणास हटकले नव्हते. तरी चार-पाच घरची माणसे आपली आपण मांडवाच्या कडेला, इतरांपासून हातभर सोडून बसली. विचारले तर म्हणाली, "बुवा, आमची जागा हितंच असते. कुणी बोलत न्हाई, पण आमाला ठावं हाय." दार उघडून इतकी वर्षे झाली आणि उंबरठा माणसाच्या मनात तसाच. तेव्हा त्या सप्ताहाचा विणेकरी, वयाने पंचविशीतला पोर, आपली पत्रावळ उचलून त्यांच्या ओळीत जाऊन बसला. त्याने भाषण केले नाही. त्याच्यामागे आणखी दोघे गेले. मग पंगत आपोआप सरळ झाली. आम्ही त्या रात्री कीर्तनात जे बोललो त्याहून ते मोठे कीर्तन होते.

याला आम्ही करिष्ये म्हणतो. पंढरीचे दार गुरुजींनी आणि कायद्याने उघडून दिले. आता ते कोणास बंद करता येणार नाही. परंतु पंगत, पाणी, दिंडीतली राहुटी, वीणा कोणाच्या गळ्यात द्यायची, काल्याचे कीर्तन कोणास सांगायचे, ही लहान लहान दारे अजून आपल्या हातात आहेत. त्यांवर कायद्याचे कुलूप नाही आणि कायद्याची किल्लीही नाही. ती गावच्या वारकऱ्यानेच उघडायची.

म्हणून आमची विनंती अशी. १ मे ला गावात झेंडावंदन होते. त्यास जरूर जावे. त्या संध्याकाळी देवळात हरिपाठ झाल्यावर अर्धी घटका चोखोबा, नामदेव आणि १९४७ चे पंढरपूर यांची हकीकत मुलांना सांगावी. वैशाख वद्य पंचमीस चोखोबांची पुण्यतिथी सगळ्या गावाने एका पंगतीत करावी. वेगळी वस्ती, वेगळा मांडव असे करू नये. नर्सीच्या पालखीबरोबर जे पंढरीस जातात त्यांनी महाद्वारी पोहोचल्यावर नामदेव पायरीवर डोके ठेवण्यापूर्वी मागे वळून समोरच्या चोखोबांच्या समाधीस हात जोडावे. दोघांच्या मध्ये चार पावलांचे अंतर आहे. ते अंतर तुडवायला सहा शतके लागली, हे त्या चार पावलांत आठवावे.

आणि घरी आल्यावर एकच पाहावे: माझ्या उंबऱ्याशी कोणी उभा राहून परत फिरतो आहे काय? असेल, तर तारीख कोणतीही असो, तिथी कोणतीही असो, त्याला हाताला धरून आत घ्यावे. तेवढ्याने आजचा संकल्प पुरा झाला.

रामकृष्ण हरि.